वाचनस्पर्धा घ्यायची आहे? आधी पुस्तकांच्या प्रती मोजा

शाळेतली वाचनस्पर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ठरलेलं चित्र. माईकसमोर एक मूल, हातात पाठ्यपुस्तकातला उतारा, समोर ‘उच्चार १०, आवाज १०, हावभाव १०’ असा तक्ता घेऊन बसलेले दोन परीक्षक. दरवर्षी तीच चार मुलं उभी राहतात आणि त्यातलीच तिघं बक्षीस घेऊन जातात. बाकीचे टाळ्या वाजवायला. या स्पर्धेसाठी एकही पुस्तक वाचावं लागत नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथे सांगतोय ती स्पर्धा वेगळी आहे. चौथी ते सातवीच्या मुलांचे गट करायचे, ठरवलेली दहा पुस्तकं सहा आठवड्यांत वाचायची आणि शेवटी त्या पुस्तकांवरच्या प्रश्नांना गटानं मिळून उत्तरं द्यायची. प्रत्येकानं दहाही वाचायची गरज नाही, गटानं मिळून वाचली की झालं. सगळी गंमत या एका नियमात आहे, कारण मग जे पुस्तक आपण वाचलं ते इतर चौघांना सांगावं लागतं. मधल्या सुट्टीत डबा खाताना मुलं एकमेकांना गोष्टी सांगायला लागली, की स्पर्धा सुरू झाली असं समजा.

तारीख

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. बऱ्याच शाळांत तो मुलांना ओळीत बसवून, हातात पुस्तकं देऊन, फोटो काढून अकरा वाजेपर्यंत संपतो. त्या दिवशी स्पर्धेची घोषणा करा आणि पुस्तकांची यादी भिंतीवर लावा. वाटप मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुट्टीत मामाच्या गावी गेलेलं पुस्तक परत येतंच असं नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलं की ३ जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाई फुले जयंतीच्या आसपास अंतिम फेरी घेता येते. त्याच्या पुढे ढकलू नका. शिष्यवृत्तीचे जादा तास आणि गॅदरिंगच्या तालमी यांच्यापुढे कुठल्याच पुस्तकाचं काही चालत नाही.

प्रतींचा हिशोब

स्पर्धा फसते ती इथे. उत्साहाने दहा पुस्तकं निवडली जातात, प्रत्येकाची एकच प्रत असते आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं ‘सर, अजून मिळालंच नाही’ म्हणत फिरतात.

साठ मुलं धरू. पाच-पाचचे बारा गट. एक प्रत एका मुलाकडे सहा दिवस राहिली, तर सहा आठवड्यांत ती सात हातांतून फिरते. दहा पुस्तकांच्या दोन-दोन प्रती म्हणजे वीस प्रती, म्हणजे १४० पाळ्या. बारा गटांना दहा पुस्तकं किमान एकदा पोचवायला १२० पाळ्या लागतात. जमतं, पण मुलाच्या वाट्याला जेमतेम दोन पुस्तकं येतात आणि एखादी प्रत हरवली की गाडी अडते. तीन-तीन प्रती असतील तर २१० पाळ्या होतात आणि प्रत्येकाची निवांत तीन पुस्तकं वाचून होतात. तेव्हा तीन प्रती. सरासरी किंमत ८० रुपये धरली तर तीस प्रतींचे २,४०० होतात. एखाद्या पालकाला ढालीचा खर्च द्यायचा असतोच, त्याला प्रेमानं पुस्तकांकडे वळवा.

सगळं विकत घ्यायला हवं असंही नाही. गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य वाचनालय असतं, ‘ड’ वर्गाचं का असेना. ग्रंथपालांना पत्र देऊन भेटलात तर दोन महिन्यांसाठी पुस्तकांचा गठ्ठा सहसा मिळतो. ‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वरच्या मराठी गोष्टी तर छापून, स्टेपल मारून वाटायलाही मोकळ्या आहेत.

देवघेवीची वही मुलांकडेच द्या. सहावीतली दोन मुलं हे काम शिक्षकांपेक्षा कडकपणे करतात. आमच्याकडच्या एका ग्रंथपाल बाईंनी (वय वर्षं अकरा) खुद्द मुख्याध्यापकांना ‘आधीचं जमा केल्याशिवाय दुसरं नाही’ म्हणून परत पाठवलं होतं.

यादी

दहा पुस्तकांत तीन अगदी पातळ, चित्रांची आणि एका बैठकीत संपणारी असू द्या. सातवीतही अडखळत वाचणारी मुलं असतात. त्यांच्या हाती आठवड्याभरात एक तरी पुस्तक ‘वाचून संपलं’ म्हणून पडलं पाहिजे. चार मधल्या आकाराची, चाळीस ते ऐंशी पानांची. एक कवितांचं. एक माहितीचं: साप, तारे, किल्ले, काहीही, पण ज्यात गोष्ट नाही असं. आणि एक जाडजूड, जे वाचल्याचा रुबाब करता येईल.

बोध पाजणारी पुस्तकं शक्यतो टाळा. आणि एक नियम पाळाच: निदान दोन शिक्षकांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नाही, असं पुस्तक यादीत नको.

गट

मुलांना गट करायला सांगितलं की हुशारांचा एक गट होतो आणि उरलेल्यांचे उरलेले. गट तुम्हीच करा. प्रत्येक मुलाला एकेकटं बाजूला बोलावून अर्धं पान वाचायला लावा, दोन मिनिटांत अंदाज येतो. मग प्रत्येक गटात चारही इयत्ता आणि सगळ्या वेगांची मुलं येतील असं बघा. गटाचं नाव मात्र मुलांना ठेवू द्या. वाघ, चित्ता, गरुड अशी नावं येणार, येऊ द्यात.

प्रश्न: इथे वेळ घाला

पहिल्या वर्षी मी सगळे प्रश्न एका रविवारी बसून काढले आणि तोंडघशी पडलो. एक मुलगा धडाधड उत्तरं देत होता. नंतर कळलं, पठ्ठ्यानं दहाही पुस्तकांची फक्त मलपृष्ठं वाचली होती. मीही प्रश्न तिथूनच काढले होते. मग दोष कोणाला देणार?

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न तीन चाळण्यांतून काढतो. पुस्तक न उघडता, म्हणजे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बघून उत्तर येतं का? आलं तर प्रश्न बाद. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात उत्तर सापडतं का? तरी बाद. सिनेमा पाहून येतं का? शक्यतो बाद.

‘श्यामची आई’ यादीत असेल तर बघा. ‘लेखक कोण?’ याला काही अर्थ नाही. ‘पुस्तकात किती रात्री आहेत?’ याचं ४२ हे उत्तर पुस्तक न वाचलेल्यांनाही पाठ असतं. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आईनं कसं धाडलं, हे आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहिलेली आजी घरी सांगू शकते. पण ‘आईनं त्याला पोहायला धाडण्याचा हट्ट का धरला आणि तुम्ही तिच्या जागी असतात तर काय केलं असतं?’ असं विचारलं की वाचलेलं मूल आणि ऐकलेलं मूल वेगळं दिसतं. असे ‘का’वाले प्रश्न तोंडी फेरीत ठेवा आणि त्यांचे गुण दोन परीक्षकांनी मिळून द्यावेत. बाकीच्यांचं उत्तर एका वाक्यात आणि एकच असावं.

प्रत्येक प्रश्नाच्या कार्डामागे पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहायचा. याला अपवाद नाही. अंतिम फेरीत वाद होणारच, आणि तेव्हा ‘बाई म्हणतात म्हणून’ हे उत्तर मुलांना पटत नाही. पान उघडलं की पटतं. आमच्याकडे एकदा चौथीतल्या मुलीनं हात वर केला, पुस्तक मागून घेतलं, पान काढलं आणि बोट ठेवून आम्हाला वाचून दाखवलं. कार्डावरचं उत्तर चुकलं होतं. तिच्या गटाला दोन गुण मिळाले आणि आम्हाला सबंध वर्गाचं हसू.

एकूण शंभरेक प्रश्न लागतात, पुस्तकागणिक दहा. ते एकट्यानं काढू नका, वर्गात एक प्रश्नपेटी ठेवा. बुटाचं खोकं चालतं. पुस्तक संपलेल्या मुलानं एक प्रश्न, उत्तर आणि पान नंबर लिहून टाकायचा. यातले निम्मे प्रश्न भन्नाट असतात, कारण मोठ्यांची नजर जिथे घसरते तिथे मुलांची अडकते.

स्पर्धेचा दिवस

लेखी फेरी आधी, सगळ्या गटांची एकदम: वीस प्रश्न, पंचवीस मिनिटं, गटानं कुजबुजत ठरवायचं. त्यातून सहा गट तोंडी फेरीत येतात.

तोंडी फेरीत बझर नको. बझर ठेवला की झटपट हात मारणारं मूल जिंकतं आणि विचार करणारं मागे राहतं. त्याऐवजी पाट्या द्या. प्रश्न दोनदा वाचायचा, तीस सेकंद चर्चा, पाटीवर उत्तर, घंटा झाली की सगळ्या पाट्या एकदम वर. सहाही गट प्रत्येक प्रश्नात खेळतात आणि प्रेक्षकांनाही मजा येते. ‘का’वाल्या प्रश्नांना पाटी नको, गटातल्या एकानं उभं राहून सांगायचं. दर वेळी वेगळा बोलणारा असावा, नाहीतर गटातलं एकच तोंड चालतं.

शेवटी ‘पुस्तक विका’ फेरी. गटातल्या एकानं दोन मिनिटांत एका पुस्तकाबद्दल असं बोलायचं की ऐकणाऱ्याला ते वाचावंसं वाटेल. शेवट सांगितला तर गुण कापायचे. इथे परीक्षक खालची मुलंच, हात वर करून मत द्यायचं, फक्त आपल्या गटाला नाही. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. ण-न, ळ-ल यांचा हिशोब या दिवशी ठेवायचा नसतो. प्रकट वाचन घ्यायचंच असेल तर उतारा मुलाला निवडू द्या, दोन दिवस आधी द्या, आणि ऐकणाऱ्याला काय कळलं यावर गुण द्या.

बक्षीस म्हणून पुस्तकंच. विजेत्या गटानं विकत आणलेल्या प्रतींतून आधी निवडायचं. उरलेल्या प्रती वर्गाच्या कोपऱ्यात.

पेटीतले न वापरलेले प्रश्न फेकू नका, पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. मागच्या वर्षीच्या खोक्यात पाचवीतल्या एकाची चिठ्ठी निघाली. ‘या पुस्तकातल्या आजीला नाव का नाही?’ उत्तराची जागा कोरी होती. पान नंबरच्या जागी त्यानं लिहिलं होतं: सगळी पानं बघितली, कुठेच नाही.