स्नोमेड सीटीच्या फाइली कशा वाचाव्यात : ज्याला सातबारा कळतो त्याला हेही कळेल

मिरजेतल्या एका दवाखान्यात आमचं छोटंसं सॉफ्टवेअर चालतं. एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं, "आपल्याकडे शुगरचे पेशंट किती?" निदानाच्या रकान्यात कुणी 'डीएम' लिहिलेलं, कुणी 'टी टू डीएम', कुणी 'साखर', आणि अथणीकडच्या पेशंटांची नोंद घेणाऱ्या मुलीनं सरळ कन्नडमध्ये 'सक्करे कायिले', म्हणजे साखरेचा आजार. प्रत्येक शब्द शोधला की वेगळा आकडा. खरा आकडा त्या दिवशी देता आला नाही.

यावर उपाय आहे स्नोमेड सीटी. वैद्यकातल्या प्रत्येक अर्थाला तिथे एक क्रमांक असतो आणि नावं कितीही असली तरी त्या क्रमांकाखाली जातात. मधुमेह म्हणजे ७३२११००९, मग लिहिणारा काहीही लिहो. असे साडेतीन लाखांहून जास्त चालू अर्थ त्यात आहेत. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य असल्यानं देशात वापरायला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडे नोंदणी करायची आणि फाइलींची झिप उतरवून घ्यायची. अडचण सुरू होते ती झिप उघडल्यावर.

आधी फोल्डर निवडा

आत 'फुल' आणि 'स्नॅपशॉट' अशी दोन फोल्डरं दिसतील. जुन्या अंकांत, म्हणजे आवृत्त्यांत, तिसरं 'डेल्टा' असायचं : मागच्या अंकानंतर बदललेल्या ओळींचं. अंक वर्षातून दोनदा यायचे तेव्हाची ती सोय. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय अंक दर महिन्याला येतो आणि डेल्टा त्यातून गेला.

फुल आणि स्नॅपशॉटमधला फरक तलाठी कार्यालयात उभं राहिलेल्याला लगेच कळेल. फुल म्हणजे फेरफार नोंदवही : पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद, काहीही पुसलेलं नाही. स्नॅपशॉट म्हणजे आजचा सातबारा. आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर जसं हक्क गेलेल्याचं नाव खोडत नाहीत, त्याला फक्त कंस पडतो, तसंच स्नॅपशॉटमध्येही रद्द झालेल्या ओळी असतातच. 'अ‍ॅक्टिव्ह' या रकान्यात शून्य म्हणजे कंस पडला, एक म्हणजे नोंद चालू. स्नॅपशॉट आहे म्हणजे सगळं चालूच असणार, असं धरून चालणारे बरेच भेटतात.

सुरुवात स्नॅपशॉटनेच करा. मी पहिल्यांदा फुल भरलं होतं. एकाच क्रमांकाच्या तीन-तीन ओळी आल्या आणि मी दोन दिवस 'डुप्लिकेट' काढत बसलो. त्या डुप्लिकेट नव्हत्याच. क्रमांक तोच, तारीख वेगळी, म्हणजे फेरफार वेगळा. फुलमधून एखाद्या दिवसाचं चित्र हवं असेल तर प्रत्येक क्रमांकाची त्या तारखेपर्यंतची सगळ्यात अलीकडची ओळ घ्यायची, एवढंच.

एक्सेल बंद ठेवा

फाइली साध्या मजकुराच्या, यूटीएफ-८ मधल्या असतात. रकाने टॅबने वेगळे केलेले, पहिली ओळ रकान्यांच्या नावांची. दिसायला अगदी एक्सेलजोग्या, आणि तिथेच घात होतो. स्नोमेडचा क्रमांक ६ ते १८ अंकी असतो, तर एक्सेल १५ अंकांपुढचं सोडून देतं. ९०००००००००००००३००१ चं ९०००००००००००००३००० होतं. तुम्ही सवयीनं सेव्ह करता आणि पुढे कशाचाच कशाला मेळ लागत नाही. जावास्क्रिप्टमध्येही क्रमांक संख्या म्हणून ठेवलात तर हेच होईल, तिथे तो अक्षरमालाच ठेवा. डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा पूर्णांक चालतो.

दुसरा खड्डा अवतरणचिन्हांचा. काही नावांत दुहेरी अवतरणचिन्ह असतं आणि इथे त्याला विशेष अर्थ नाही. फाइल वाचणारं साधन मात्र तिथून पुढच्या ओळी गिळत सुटतं. त्यामुळे अवतरणाचा नियम बंद करून भरा, मग भरलेल्या ओळी आणि फाइलीतल्या ओळी मोजून ताडा.

तीन मुख्य फाइली

'टर्मिनॉलॉजी' फोल्डरमध्ये कन्सेप्ट (अर्थ), डिस्क्रिप्शन (नावं) आणि रिलेशनशिप (नाती) या फाइली आहेत. रकान्यांची नावं फाइलीत रोमन लिपीत असतात, इथे उच्चारानं लिहितोय.

कन्सेप्टमध्ये पाचच रकाने : आयडी, इफेक्टिव्हटाइम, अ‍ॅक्टिव्ह, मॉड्यूलआयडी आणि डेफिनिशनस्टेटसआयडी. तारीख २००२०१३१ अशी सलग दिसेल, म्हणजे ३१ जानेवारी २००२. यात रोगाचं नावच नाही हे बघून नवखा माणूस दचकतो.

नावं डिस्क्रिप्शनमध्ये. २२२९८००६ या कन्सेप्टआयडीने शोधा. 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' मिळेल, 'हार्ट अटॅक' मिळेल, शिवाय आणखी काही. त्यांतलं एक पूर्ण नाव असतं, शेवटी कंसात 'डिसऑर्डर' असा शेपटा असलेलं. ते टाइपआयडी ९०००००००००००००३००१ वरून ओळखायचं. बाकीची समानार्थी नावं, त्यांचा टाइपआयडी ९००००००००००००१३००९. पूर्ण नाव डॉक्टरांच्या पडद्यावर दाखवू नका, ते संदिग्धता टाळण्यासाठी आहे. ओपीडीत 'डिसऑर्डर' वाचून कुणाचं भलं होत नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. कन्सेप्ट रद्द झाला तरी त्याची नावं डिस्क्रिप्शन फाइलीत बहुधा चालूच राहतात. म्हणजे फक्त डिस्क्रिप्शनमधला अ‍ॅक्टिव्ह तपासून शोध बांधलात तर बाद झालेलं निदानही यादीत येणार. दोन्ही फाइलींमध्ये अ‍ॅक्टिव्हच्या रकान्यात 'एक' आहे ना, ते तपासा.

रिलेशनशिपमध्ये सोर्सआयडी म्हणजे मूल आणि डेस्टिनेशनआयडी म्हणजे पालक, टाइपआयडी ११६६८०००३ असेल तेव्हा. या क्रमांकाचा अर्थ 'हा त्याचा प्रकार आहे'. टाइप टू मधुमेहाच्या (४४०५४००६) ओळीवरून वर चढत गेलात की ७३२११००९ लागतं आणि शेवटी मूळ १३८८७५००५. एका मुलाला दोन-तीन पालक असू शकतात, म्हणून साधी एकपदरी झाडाची रचना पुरत नाही. सगळ्या पूर्वज-वंशजांच्या जोड्या एकदाच काढून वेगळ्या तक्त्यात ठेवा. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मग एका ओळीच्या क्वेरीत येतं : ७३२११००९ आणि त्याचे सगळे वंशज.

रेफसेट

रेफसेट म्हणजे एखाद्या कामासाठी निवडलेल्या क्रमांकांचा संच. कुठलं नाव पडद्यावर दाखवायचं हे लँग्वेज रेफसेट ठरवतं. अमेरिकी इंग्रजीचा संच वेगळा, ब्रिटिश वेगळा. आपले डॉक्टर बहुतेक ब्रिटिश वळणाचं लिहितात, म्हणून ९०००००००००००५०८००४ हा संच घ्या आणि त्यात ज्याच्यापुढे ९०००००००००००५४८००७ आहे ते पसंतीचं नाव दाखवा. शोधायला मात्र सगळीच नावं ठेवा.

रेफसेट फाइलींच्या नावांत सी, आय, एस अशी अक्षरं दिसतात. ती टायपिंगची चूक नाही. नेहमीच्या सहा रकान्यांपुढे कोणते जादा रकाने आहेत ते अक्षरं सांगतात : सी म्हणजे स्नोमेडचा क्रमांक, आय म्हणजे पूर्णांक, एस म्हणजे मजकूर. आयसीडी-१० (जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण) कडे नेणाऱ्या एक्स्टेंडेड मॅपच्या नावात दोन आय, तीन एस, दोन सी. विम्याच्या कागदांसाठी आयसीडी लागतोच, पण तिथे वय किंवा लिंगावर अवलंबून नियम असतात. पहिली ओळ उचलून मोकळं होऊ नका.

नवा अंक आल्यावर

जुना तक्ता पुसू नका. नवा शेजारी भरा आणि दवाखान्यात आजवर वापरलेल्या क्रमांकांपैकी कोणते आता शून्य झाले ते काढा. त्यांच्या जागी काय घ्यायचं हे असोसिएशन रेफसेटमध्ये मिळतं. 'याऐवजी हा' किंवा 'हा तोच' अशी एकेरी ओळ असेल तर पुढच्या नोंदींसाठी नवा क्रमांक वापरा. 'यांपैकी एक असू शकेल' असे दोन-तीन पर्याय आले तर निवड प्रोग्रामरनं करायची नाही. आम्ही ती यादी छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो आणि ते पेनाने खूण करून देतात. पेशंटच्या जुन्या कागदावर जुनाच क्रमांक राहतो, कारण त्या दिवशी डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं.