शिवकालीन कागदांतून राज्य, धर्म आणि समाज यांच्या बदलत्या कल्पना कशा वाचाव्यात

सतराव्या शतकात महाराष्ट्रात राज्य, धर्म आणि समाज यांविषयीचे विचार बदलले असे आपण सहज म्हणतो, पण तो बदल कागदावर नेमका कोठे दिसतो हे दाखवायची वेळ आली की बोट ठेवायला जागा सापडत नाही. त्यासाठी एकच शब्द निवडावा, तो साठ-सत्तर वर्षांच्या कागदांत शोधत जावा आणि प्रत्येक ठिकाणी कोण कोणाकडे काय मागतो आहे ते टिपून ठेवावे. पहिल्या अभ्यासासाठी ‘वतन’, म्हणजे पिढीजात चालणारा हुद्दा आणि त्याचे हक्क, हा शब्द उत्तम, कारण राजसत्ता, गाव आणि भाऊबंदकी यांचे धागे त्यात एकत्र गुंतलेले आहेत. मोडी येत नसली तरी अडत नाही, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या काळापासून हजारो पत्रे बाळबोध लिपीत छापली गेली आहेत.

वाचनाआधी कालगणना हाताशी असावी. शकात साधारणपणे 78 मिळवले की इसवी सन येतो. शुहूर सन, म्हणजे या कागदांत आढळणारी अरबी नावांची कालगणना, मे महिन्याच्या अखेरीस बदलतो, म्हणून त्यात मेअखेर ते डिसेंबर या काळासाठी 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवावेत. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: ‘सीत अर्बैन अलफ’ म्हणजे सहा, चाळीस आणि हजार, अर्थात 1046. राज्याभिषेक शक 1674 मध्ये सुरू झाला, त्यात 1673 मिळवावेत. नवा शक सुरू करणे ही सार्वभौमत्वाची खूण होती, म्हणून एखादा कागद कोणता सन वापरतो हीसुद्धा नोंदवण्याची बाब आहे.

आता 1646 मधील रांझे गावच्या पाटलासंबंधीचे शिवाजी महाराजांचे पत्र घ्यावे. पाटलाने बदअमल, म्हणजे गैरवर्तन, केला, म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी जप्त झाली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. अभ्यासकाने त्यापुढे वाचावे: तीच पाटीलकी होन, म्हणजे सोन्याची नाणी, भरून घेऊन त्याच्या गोतातल्याच, म्हणजे भाऊबंदांतल्याच, माणसाला देण्यात आली. राजा वतनदाराला शासन करू शकतो हा विचार येथे ठाम आहे, पण वतन कुळाचे आहे ही जुनी समजूतही तितकीच शाबूत आहे. पत्रावरची मुद्रा संस्कृत आहे, तर शहाजीराजांची मुद्रा फारसी होती; मजकूर मात्र फारसी शब्दांनी भरलेला आहे. जुने आणि नवे एकाच कागदावर शेजारी नांदताना दिसले की गोंधळून जाऊ नये. मला तर अशाच जागा सर्वांत मोलाच्या वाटतात.

पुढचा टप्पा सभासद बखरीचा, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेल्या शिवचरित्राचा. लष्करी चाकरीच्या मोबदल्यात गावे तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण ती सांगते. मात्र ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली, म्हणजे ती आठवणीवर उभी आहे, हे समासात लिहून ठेवावे. तिच्याजवळ त्याच काळातली वतनपत्रे ठेवून पाहावीत. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, मोगल देशमुखांना आपल्याकडे ओढू लागले आणि छत्रपतींनाही वतनांची वचने देणे भाग पडले. यानंतर रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’, हा राज्यनीतीवरचा ग्रंथ, उघडावा. तो वतनदारांना राज्याचे ‘दायाद’, म्हणजे हक्काने वाटा मागणारे भाऊबंद म्हणतो आणि त्यांना स्नेह व दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे असे सांगतो. हा राज्यविचार केवळ ग्रंथांतून आलेला नाही, पंचवीस वर्षांच्या लढाईत होरपळून तो घडला आहे.

समाजाची बाजू पाहण्यासाठी महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्यांचे कागद, वाचावेत. वतनाच्या तंट्यात गोतसभा, म्हणजे भाऊबंद व गावकऱ्यांची सभा, निवाडा करी आणि कागदाखाली पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. मजकुराइतकेच लक्ष या निशाण्यांकडे द्यावे, कारण गावात कोणाच्या शब्दाला वजन होते ते तेथे कळते.

धर्माच्या बाबतीत कृती आधी पाहावी. 1674 मध्ये 6 जूनला गागाभट्टांच्या हातून वैदिक आणि 24 सप्टेंबरला निश्चलपुरींच्या हातून तांत्रिक, असे दोन राज्याभिषेक झाले. राजपदाला मान्यता कोणत्या विधीने मिळते याविषयी त्या काळी एकमत नव्हते, हे यातून दिसते. मोगलांकडे मुसलमान झालेल्या नेताजी पालकरांना 1676 मध्ये प्रायश्चित्त देऊन परत घेतले गेले. संतांची वाणीही याच अभ्यासात बसते: ब्राह्मण घरातील बहिणाबाई तुकोबांना गुरू मानतात, त्यावरून झालेला पतीचा रोष आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगतात आणि ब्राह्मण कोणाला म्हणावे हेही विचारतात.

पदव्यांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. फारसी नावे जाऊन संस्कृत नावे आली, पेशव्याचा पंतप्रधान आणि डबीराचा सुमंत झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला, तरी लोकांच्या तोंडी पेशवा हाच शब्द राहिला.

दुसऱ्या अभ्यासासाठी ‘रयत’ हा शब्द घ्यावा. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले शिवाजी महाराजांचे पत्र आधी वाचावे. दाणा, गवत, भाजीपाला बाजारातून विकत घ्या, नाहीतर कुणब्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असे ते बजावते, आणि रात्री उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल इतकी बारीक काळजी घेते. त्यानंतर आज्ञापत्रातील आंबा-फणसाचा उतारा वाचावा. तो पुष्कळदा महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो, पण तो आज्ञापत्रातला आहे. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे आरमारासाठी तोडू नयेत आणि जीर्ण झालेले झाडही धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असे तेथे म्हटले आहे. वहीत ‘राजी’ या शब्दासाठी नवे पान काढावे आणि तो आधीच्या कोणत्या कागदांत, कोणाच्या संदर्भात येतो ते शोधायला लागावे.