अडखळणाऱ्या डीव्हीडींचा बंदोबस्त

संग्रहातल्या काही डीव्हीडी चित्रपट ऐन रंगात आला की अडखळायच्या. पहिला संशय प्लेअरवर. पण दुसऱ्या प्लेअरवरही त्या त्याच जागी थांबल्या, म्हणजे दोष डिस्कचाच.

मऊ, किंचित ओलसर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसल्या. गोल गोल पुसायचं नाही. डेटाची वाट चक्राकार असते. तिच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग बराच डेटा झाकतो आणि प्लेअरची चूक सुधारण्याची यंत्रणा तिथे हात टेकते. वाटेला छेदणारा ओरखडा बहुधा निभावून जातो. बऱ्याचशा एवढ्यानेच सुधारल्या.

घरी रेकॉर्ड केलेल्या जास्त नाजूक. त्यांचा डेटा रंगद्रव्याच्या थरात असतो, तो उन्हाने बिघडतो. त्यांच्या आयएसओ प्रती (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक फाइल) हार्ड डिस्कवर काढल्या. एका थराची डीव्हीडी जेमतेम ४.७ जीबीची.

पाकिटांचा अल्बम काढून टाकला (जागा वाचते खरी, पण काढता-घालताना डिस्क घासते). आता सगळ्या कडक डब्यांत, उभ्या, कोरड्या अंधाऱ्या कप्प्यात. चिकट लेबल डिस्कवर नाही, फिरताना तोल बिघडतो. नाव डबीच्या कडेवर. मांडणी वर्णानुक्रमे. प्रकारानुसार लावून पाहिलं होतं, पण विनोदी रहस्यपट कुठल्या रांगेत, यावर घरात एकमत होईना.