गोव्यातल्या चर्चचा घंटामनोरा बघायला जाताय? या चुका टाळा

कोल्हापुरातून आजरा–आंबोली–सावंतवाडीमार्गे जुन्या गोव्याला जायला पाच-सहा तास लागतात. एवढं जाऊन दारातूनच परतायची वेळ येते, ती बहुतेकदा एकाच कारणानं. आपण चर्चला जुनी वास्तू समजून जातो, पण तिथली घंटा अजून रोज कामावर असते.

रविवारी पहाटे निघालात तर ऐन मिस्साच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या वेळी पोहोचाल, आणि प्रार्थना चालू असताना आत हिंडू देत नाहीत. मधला वार धरा. 3 डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त (सण) आणि त्याआधीचे नऊ दिवस गर्दीचे. हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे नकोत. पुरुषांनी टोपी काढावी. चप्पल मात्र अंबाबाईच्या देवळासारखी बाहेर काढावी लागत नाही.

से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. ती खालूनच बघायची, वर सोडण्यासाठी पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. सेंट ऑगस्टीनचा 46 मीटर उंच मनोरा तर उघडा पडलेला जांभा आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, म्हणून भिंतींवर चढून फोटो काढू नका. तिथे घंटाही शोधू नका. ती 1871 पासून पणजीच्या टेकडीवरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे, वजन सुमारे 2,250 किलो.

गावातल्या एखाद्या चर्चमध्ये पाद्रींनी परवानगी दिलीच, तर आधी एक गोष्ट विचारा: पुढची घंटा कधी? दुपारी बाराला आणि संध्याकाळी अँजेलसची, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनेची घंटा होते. तीन-तीन ठोके तीनदा, मग सलग. त्या वेळी घंटेशेजारी उभं राहिलात तर कानात दडे बसतील. निदान अर्धा तास आधी खाली या. कापसापेक्षा फोमचे इअरप्लग बरे.

गोल जिन्याची पायरी आतल्या खांबाकडे निमुळती असते. तिथे फक्त चवडा टेकतो, टाच अधांतरी राहते, आणि घसरण नेमकी उतरताना होते. म्हणून चढता-उतरता बाहेरच्या भिंतीकडून चाला, एक हात भिंतीला. पाठीवरची सॅक खाली ठेवा, बॅटरी कपाळाला बांधा. दोघं समोरासमोर आले तर जागा होत नाही, तेव्हा निघण्यापूर्वी वर-खाली हाक द्या. कबुतरांच्या विष्ठेची धूळ उडते, मास्क हवाच. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. विजा चमकत असतील तर चढूच नका.

मध्येच गरगरलं तर खाली बघू नका. पायरीवर बसा, पाठ भिंतीला लावा, दोन-तीन मिनिटं समोरच्या एकाच दगडावर नजर ठेवा. मग शिडी उतरतो तसं, पायऱ्यांकडे तोंड करून उतरा.

सगळ्यात मोठी चूक आपल्या हातून भक्तिभावानंच होते. देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय असते, म्हणून इथेही हात दोराकडे जातो. पण इथली घंटा गावाला निरोप देते: प्रार्थनेला या, किंवा कुणीतरी गेलं. अवेळी ठोका पडला तर घराघरांतून माणसं काळजीनं बाहेर येतात. चुकून दोर ओढला गेलाच, तर लगेच खाली उतरून पाद्रींना सांगा, म्हणजे विचारायला आलेल्यांना ते उत्तर देऊ शकतील.