जुन्या रेसिंग गाड्या कशा पाहाव्यात: कार डिझाइनमध्ये येणाऱ्यांसाठी

कार डिझाइन शिकायला आलेल्या बहुतेकांच्या वहीत एक तरी जॅग्वार ई-टाइप किंवा फेरारी २५० जीटीओ असतेच. माझ्याही वहीत होत्या. त्यात वावगं काही नाही. पंचाईत होते ती मुलाखतीत, समोरचा माणूस एखाद्या रेषेवर पेन्सिल टेकवून "ही इथेच का वळली?" असं विचारतो तेव्हा. "क्लासिक गाड्यांवरून सुचलं" एवढंच उत्तर असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. मी स्टुडिओत काम करतो आणि नवख्यांचे पोर्टफोलिओ चाळणं हाही त्या कामाचा भाग आहे. पुढचं सगळं त्याच अनुभवातून लिहितो आहे.

जुन्या गाडीवरच्या रेषा मी तीन गटांत वाटतो: गरजेच्या, सवयीच्या आणि दिखाव्याच्या. ही वाटणी मी माझ्या सोयीसाठी केली आहे, पुस्तकात शोधू नका. पण ती करायची सवय लागली की गाडी वेगळी दिसू लागते.

सुरुवात मर्सिडीज ३०० एसएलपासून करा. १९५४ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे दरवाजे छतातल्या बिजागऱ्यांवर वर उघडतात. नवखा माणूस ते पाहतो आणि आपल्या स्केचमध्ये तसेच दरवाजे बसवून मोकळा होतो. त्यांचं मूळ १९५२ च्या रेसिंग गाडीत आहे. वजन वाचवण्यासाठी तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा केला होता आणि तो ताठ राहावा म्हणून बाजूच्या नळ्या इतक्या उंच घ्याव्या लागल्या की नेहमीचं दार कापायला जागाच उरली नाही. दाराने कुठल्या दिशेला उघडावं याबद्दल शर्यतीचे नियम गप्प होते, म्हणून ते वर गेलं. रस्त्यावरच्या गाडीतही आत शिरताना इतकी कसरत होती की स्टीअरिंग व्हील मुडपण्याची सोय करावी लागली. आता त्याच गाडीचं बॉनेट पाहा. त्यावर दोन लांबट उंचवटे आहेत. इंजिनासाठी एकच पुरेसा होता, दुसरा नजरेला तोल वाटावा म्हणून आला. एकाच पत्र्यावर गरज आणि दिखावा शेजारी शेजारी बसलेत, आणि दोन्ही शोभतात! दिखावा म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. तो दिखावा आहे हे आपल्याला ठाऊक हवं, इतकंच.

सवयीच्या रेषेसाठी बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिक पाहा. तिच्या छतावरून मागे शेपटीपर्यंत आणि मडगार्डांवरूनही रिव्हेट मारलेली उभी शिवण जाते. १९३५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली आधीची गाडी, एरोलिथ, इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तो वेल्डिंगला दाद देत नसे, म्हणून पत्र्याच्या कडा बाहेर काढून रिव्हेटने जोडल्या. अटलांटिक मात्र ॲल्युमिनियमची झाली. तिथे वेल्डिंग जमलं असतं, तरीही कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा जाँ बुगाटी याने शिवण ठेवली. कारण गेलं, आकार राहिला, आणि आज त्या गाडीची ओळख म्हणून लोक पहिल्यांदा त्या शिवणीकडेच बोट दाखवतात. माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत अवघड निर्णय हाच आहे: कारण संपलेली रेषा ठेवायची की पुसायची. जाँने ठेवली ते बरोबर केलं, कारण ती शिवण डोळ्याला गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घेऊन जाते.

रेसिंगच्या गाड्या अभ्यासाला सोप्या जातात, कारण तिथे गरज उघडी असते. जॅग्वार डी-टाइपचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले, आणि वक्र हाताच्या अंदाजाने काढण्यापेक्षा आकडेमोडीने मांडणारे. ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची पद्धत, वापरल्यामुळे आणि इंजिन किंचित कलतं बसवल्यामुळे बॉनेट खाली आलं आणि वाऱ्यासमोर येणारं क्षेत्रफळ घटलं. चालकाच्या डोक्यामागचा उभा पंख फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहावी म्हणून आहे. १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षं ही गाडी तिथे जिंकली. तो पंख शहरात चालणाऱ्या छोट्या गाडीच्या स्केचवर चिकटवलेला दिसला की मी पुढचं पान उलटतो.

पोर्शे ९१७ ची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १९६९ मध्ये ही गाडी प्रचंड वेगवान होती, पण सरळ रस्त्यावर इतकी हेलकावायची की चालक घाबरत. त्या शरद ऋतूत ऑस्ट्रियातल्या चाचणीत जॉन वायर यांच्या रेसिंग संघातल्या जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या भागावर मेलेले किडे चिकटलेत, पण मागचा भाग जवळजवळ स्वच्छ आहे. म्हणजे हवा मागच्या पत्र्याला शिवतच नव्हती. तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून शेपटी आखूड आणि वर चढणारी केली. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, ९१७ ने पोर्शेला ल माँचं पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्या शेपटीचा आकार कुणी कागदावर सुंदर म्हणून काढला नव्हता.

दंतकथांपासून मात्र जपून राहा. १९३४ मध्ये शर्यतीच्या ७५० किलो वजनमर्यादेत बसण्यासाठी मर्सिडीजवाल्यांनी पांढरा रंग खरवडून काढला आणि चंदेरी गाड्यांचा जन्म झाला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. इतिहासकारांना ती पटत नाही. पोर्टफोलिओत ती वस्तुस्थिती म्हणून लिहाल तर समोर बसलेला एखादा जाणकार हसेल.

आता प्रत्यक्ष अभ्यासाबद्दल. पहिल्यांदा बाजूचं दृश्य काढा, तेही गाडीचं नाव झाकून. चाकाचा व्यास हे माप धरा आणि दोन चाकांच्या मधे तशी किती चाकं बसतात, पुढच्या चाकापासून काचेच्या पायथ्यापर्यंत किती अंतर आहे, छत किती चाकं उंच आहे ते मोजा. बुगाटी टाइप ३५ चं बॉनेट लांब आणि अरुंद का, हे आत एका ओळीत उभे असलेले आठ सिलिंडर सांगतात. पुढे इंजिनं आखूड झाली तरी महागड्या गाड्यांनी लांब बॉनेट सोडलं नाही. ही पुन्हा सवयीची रेषा. फोटो वापरायचा तर दुरून, टेलिफोटो लेन्सने काढलेलाच घ्या. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत जवळचं चाक फुगतं आणि मग प्रमाणच खोटं पडतं.

फोटोपेक्षा प्रत्यक्ष गाडी केव्हाही चांगली. बुगाटी पाहायच्या तर फ्रान्समधलं म्युलूझचं संग्रहालय, अल्फा रोमिओसाठी इटलीतल्या आरेझेचं. तिथे चाकाच्या मध्याइतकं खाली बसा, मग मागे सरा आणि दिव्याचं प्रतिबिंब पत्र्यावरून कसं सरकतं ते पाहत राहा. जुन्या हाती ठोकलेल्या पत्र्यावर ते थोडं थरथरतं. संगणकावरच्या पृष्ठभागाला ती माणूसपणाची खूण नसते. गाड्या धावताना पाहायच्या तर इंग्लंडमध्ये १९९८ पासून भरणारा जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा मेळा, गुडवुड रिव्हायव्हल, आहे. वळणावर जुनी गाडी किती कलते, वेग घेताना मागे कशी बसते, हे पाहिल्यावर उभ्या गाडीचा पवित्रा काढण्याचा हात बदलतो.

रेट्रो, म्हणजे जुन्या गाडीचं रूप घेतलेल्या नव्या गाड्याही अभ्यासा, पण चिकित्सक नजरेने. १९९८ च्या न्यू बीटलने जुन्या बीटलची कमान घेतली, मात्र इंजिन मागून पुढे आलं. कमान टिकवण्यासाठी काच इतकी पुढे सरकली की चालकासमोर डॅशबोर्डचं पठार तयार झालं. फोर्ड जीटी ४० चं नाव तिच्या ४० इंच उंचीवरून पडलं. २००५ ची फोर्ड जीटी दिसायला तशीच, पण सुमारे ४४ इंच उंच. आजची माणसं आत बसवायची तर एवढं वाढणारच.

विजेच्या गाडीत हा हिशोब आणखी अवघड होतो. बॅटरी तळाशी, त्यामुळे माणसं वर, त्यामुळे गाडी जाड. ती जाडी लपवायला चाकं मोठी होतात आणि दारांखाली काळी पट्टी येते. रेडिएटरची गरज घटली तरी पुढे जाळीचा आकार राहतो. इथे डी-टाइप उपयोगी पडते, तिचा पंख सोडून. सेयर यांनी इंजिनाची उंची कमी करायला काय काय केलं ते पाहा आणि तोच प्रश्न बॅटरीला विचारा.

पोर्टफोलिओ करताना एका जुन्या गाडीवर दोन पानं पुरतात. पहिल्या पानावर तिचं बाजूचं दृश्य, त्यावर तीन रंगांत गरज, सवय आणि दिखावा. दुसऱ्यावर तुमची गाडी, त्याच तीन रंगांत. चकचकीत रेंडरिंग, म्हणजे गाडीचं रंगवलेलं पक्कं चित्र, त्यानंतर लावा, आणि एकच लावा.