आपल्या शिवाराचे पाणी किती माणसांना पुरेल? धारणक्षमतेचा हिशेब मांडण्याची रीत

पृथ्वी आणखी किती माणसे पोसू शकेल, हा प्रश्न साऱ्या जगासाठी विचारला की उत्तरादाखल बहुधा मतेच हाती येतात. तोच प्रश्न एका गावाच्या शिवारापुरता विचारला, तर वही, पेन्सिल आणि चार सरकारी कागद घेऊन दोन-तीन दिवसांत त्याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर काढता येते. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोहोचली आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार ती २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींपर्यंत वाढून मग उतरणीला लागेल. या वाढीव माणसांचे धान्य आणि पाणी कोणत्या ना कोणत्या शिवारातूनच यायचे आहे, म्हणून हिशेबाची सुरुवातही शिवारापासून करणे मला योग्य वाटते. खाली दिलेली रीत दख्खनच्या पठारावरील अवर्षणप्रवण गावासाठी आहे, कारण तेथे जमिनीच्या आधी पाणी संपते आणि तेच गावाची धारणक्षमता, म्हणजे शिवार किती माणसे पोसू शकेल ते, ठरवते.

ही रीत नवी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाच्या पट्ट्यातील गाव गेली अनेक वर्षे पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बी व उन्हाळी पिके ठरवते. ऊस व केळी घ्यायची नाहीत आणि शेतीसाठी बोअर पाडायची नाही, हे नियम गावाने स्वतःच घालून घेतले आहेत. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याकडे पुढे यायचेच आहे.

पहिले काम पावसाचे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावरील नोंदी तहसील कार्यालयातून मिळवाव्यात आणि शक्य असल्यास ३० वर्षांचे वार्षिक आकडे घ्यावेत. त्यांची सरासरी काढून तीवर हिशेब बेतण्याचा मोह होतो, तो आवर्जून टाळावा, कारण सरासरीवर बेतलेला हिशेब जवळजवळ दर दुसऱ्या वर्षी तुटीत जातो. त्याऐवजी आकडे उतरत्या क्रमाने लिहावेत आणि ३० वर्षांच्या यादीत २३ व्या क्रमांकावर येणारा आकडा घ्यावा. चारपैकी तीन वर्षे किमान एवढा पाऊस पडतोच, असा त्याचा अर्थ असून यालाच ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस म्हणतात. पाणी गावाच्या शिवेवर थांबत नाही, ते पाणलोटाच्या उतारानुसार वाहते. म्हणून वरच्या गावाचे पाणी आपल्याकडे येत असेल किंवा आपले खाली जात असेल, तर नकाशावर पाणलोटाची रेषा आखून तेवढे क्षेत्र वेगळे नोंदवावे.

आता एक सूत्र ध्यानात ठेवावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर पाणी पडते. समजा, आपल्या गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर, विश्वासार्ह पाऊस ५०० मिलिमीटर, लागवडीयोग्य जमीन ६५० हेक्टर आणि लोकवस्ती १,५०० आहे. (आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने स्वतःच्या गावाचे घालावेत.) या गावात वर्षाला ५० लाख घनमीटर पाणी पडते. आकडा मोठा दिसतो, परंतु त्यातील बहुतांश पाणी मातीची ओल होऊन पिकांवाटे आणि उन्हाने हवेत परत जाते. खरीप त्याच ओलीवर उभा राहतो, त्यामुळे ते वाया गेले असे म्हणता येत नाही. मात्र ते विहिरीतून उपसताही येत नाही.

काळ्या पाषाणात मुरणारे पाणी थोडे असते. कठीण, एकसंध खडकात ते नगण्य मुरते, तर मुरमाड किंवा भेगाळ थरात दहा-बारा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिक आपल्या पाणलोटासाठी योग्य टक्केवारी सांगू शकतात, आणि हा आकडा अंदाजाने न घालता त्यांना विचारूनच घालावा. येथे १० टक्के धरल्यास ५ लाख घनमीटर पाणी जमिनीत मुरते. त्यातील ७० टक्क्यांपर्यंत उपसा सुरक्षित मानला जातो, म्हणजे हाती ३.५ लाख घनमीटर येते. नाला बांध, पाझर तलाव आणि शेततळ्यांत साठणाऱ्या पाण्यातून बाष्पीभवन वजा करून आणखी १.५ लाख घनमीटर मिळते असे धरू. पाझर तलावातील पाणी विहिरीत उतरते, तेव्हा ते दोन्हीकडे मोजले जाणार नाही याची काळजी घ्यावी. मी पाहिलेल्या ताळेबंदांत सर्वांत जास्त फुगवटा याच दुहेरी मोजणीमुळे आलेला असतो. एकूण जमा झाली ५ लाख घनमीटर.

खर्चाची बाजू माणसांपासून सुरू करावी. जनगणनेचा शेवटचा उपलब्ध आकडा २०११ चा आहे, म्हणून अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या घरोघरच्या नोंदीवरून आजची वस्ती काढावी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना हिशेबातून गाळू नये, कारण त्यांचे परतणे आणि टंचाईचे महिने एकाच वेळी येतात. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. त्यानुसार १,५०० माणसांना वर्षाला सुमारे ३०,००० घनमीटर पाणी लागते. ६०० गाई-म्हशींना प्रत्येकी ६० लिटर आणि ५०० शेळ्या-मेंढ्यांना प्रत्येकी ६ लिटर धरल्यास आणखी सुमारे १४,००० घनमीटर लागते. म्हणजे सगळे गाव आणि सगळी जनावरे मिळून जमेच्या जेमतेम नऊ टक्के पाणी वापरतात. लोकसंख्या वाढली म्हणून पाणी संपले, असे विधान ज्यांना अगदी स्वाभाविक वाटते, त्यांनी हा भागाकार एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उरलेले सुमारे ४.५५ लाख घनमीटर पाणी पिकांचे. येथे हिशेब खऱ्या अर्थाने हलतो. उसाला पावसाखेरीज हेक्टरी सुमारे २०,००० घनमीटर पाणी धरले, तर हे सर्व पाणी २३ हेक्टरांत संपते. कांद्याला ५,००० घनमीटर धरल्यास ९१ हेक्टर भिजतात. रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या (ओल कमी पडते तेव्हा पीक तगवण्यासाठी दिलेले पाणी), म्हणजे हेक्टरी १,५०० घनमीटर दिल्यास ३०० हेक्टरांहून अधिक क्षेत्र हाताशी येते. पीकनिहाय क्षेत्र पीक पाहणीच्या नोंदींतून घ्यावे, परंतु ते शिवारफेरी करून ताडून पाहावे, कारण उभा ऊस आणि कागदावरचा ऊस यांत अंतर असू शकते. ठिबक असल्यास गरज कमी धरावी, मात्र वाचलेल्या पाण्यावर लगेच नवे क्षेत्र भिजवले जात असेल तर ती बचत जमेस धरू नये.

पाण्यानंतर धान्याचा ताळा घ्यावा. माणशी वर्षाला १८० किलो धान्य व डाळी धरल्यास १,५०० जणांना २७० टन लागतात. दोन पाळ्या मिळालेल्या ज्वारीचे हेक्टरी दीड टन आणि जिरायत बाजरी-ज्वारीचे सरासरी ७०० किलो उत्पन्न धरू. सर्व पाणी ज्वारीला दिले तर ३०३ हेक्टरांतून सुमारे ४५५ टन आणि उरलेल्या ३४७ हेक्टर जिरायतीतून सुमारे २४३ टन, असे जवळपास ७०० टन धान्य निघते. गाव खाऊन-पिऊन सुखी राहते, शिवाय कडबाही मिळतो.

आता मूळ प्रश्न या वहीत विचारावा आणि वस्ती दुप्पट, ३,००० करून पाहावी. पिण्याचे पाणी ६०,००० घनमीटर होते आणि पिकांसाठी ४.२६ लाख घनमीटर उरते. ज्वारीच्या पद्धतीत धान्य सुमारे ६८० टन निघते आणि गरज ५४० टनांची असते, म्हणजे गाव तगते, पण विकायला उरणारे धान्य चारशे टनांवरून दीडशे टनांच्या खाली येते आणि घरातील कापडचोपड, औषधपाणी, मुलांचे शिक्षण यांची तरतूद आक्रसते. तेच पाणी उसाला दिले, तर ऊस २१ हेक्टरांत मावतो आणि बाकीच्या जिरायत जमिनीतून सुमारे ४४० टन धान्य येते, जे ३,००० माणसांना पुरत नाही. तेच शिवार, तोच पाऊस. एका पीकपद्धतीत ते दुप्पट माणसे पोसते आणि दुसरीत पोसत नाही. यावरून माणसांची संख्या गौण आहे असा अर्थ मात्र काढू नये. संख्या वाढते तशी चुकीला मिळणारी सवलत कमी होते, हे दीडशे टनांच्या आकड्यात स्पष्ट दिसते, आणि पावसाने दगा दिलेल्या चौथ्या वर्षी तेवढेही उरत नाही.

उसाच्या पैशातून धान्य विकत घेता येते, हा आक्षेप रास्त आहे आणि गावापुरता तो खराही आहे. त्यासाठी ताळेबंदात बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या मालाची वेगळी नोंद ठेवावी: साखर, दूध, कांदा यांच्या रूपाने गावाचे किती पाणी बाहेर गेले आणि गहू-तांदळाच्या रूपाने दुसऱ्या कोणत्या प्रदेशाचे पाणी आत आले. रेशनचा गहू अनेकदा पंजाब-हरियाणातील खालावत्या भूजलावर पिकलेला असतो. साऱ्या जगाचा हिशेब मांडताना मात्र बाहेरून आणण्याची सोय राहत नाही. जगात दरवर्षी सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते, म्हणजे माणशी ३५० किलो; त्यातील एक तृतीयांशाहून अधिक जनावरांच्या खाद्यात जाते. उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते. आपल्या वहीत माणशी १८० किलो लिहिले होते, ते या आकड्याशेजारी ठेवून पाहावे.

धान्य पुरेसे निघाले तरी ते सर्वांपर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी नायगावची कसोटी लावावी. पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर ठरत नसे, तो माणसांवर ठरे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. आपल्या गावातील सिंचनाखालचे क्षेत्र कुटुंबनिहाय मांडून ते माणशी किती येते ते काढावे. माझ्या मते संपूर्ण ताळेबंदातील हा सर्वांत महत्त्वाचा तक्ता आहे, आणि ग्रामसभेत तो मांडायला धैर्य लागते. ज्याची बोअर सर्वांत खोल, त्याला सर्वाधिक पाणी, ही स्थिती असेल तर बाकीचे सर्व भागाकार कागदावरच राहतात.

ताळेबंद ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावा, म्हणजे पाणी कमी असल्यास पिके बदलायला वेळ मिळतो; डिसेंबरात मांडलेल्या आकड्यांवर कोणी पेरलेले मोडत नाही. जमा-खर्चाचे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवावेत. पडताळणीसाठी गावातील आठ-दहा विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत त्यांची पाणीपातळी टेपने मोजावी. पाऊस गतवर्षीइतकाच असूनही मे महिन्यातील पातळी गतवर्षीपेक्षा खाली गेली असेल, तर मुरण्याची टक्केवारी जास्त धरली गेली आहे किंवा उपसा कमी सांगितला गेला आहे. त्या फरकाइतके पाणी पुढील ऑक्टोबरच्या हिशेबात जमेच्या रकान्यातून सर्वांत आधी वजा करावे आणि मगच पिकांच्या क्षेत्राकडे वळावे.