लुकिंग फॉरवर्ड टू हिअर की हिअरिंग? मेल पाठवायच्या आधी एवढं तपासा

प्लेसमेंटचा सीझन आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली इंजिनिअरिंगची पोरं मेल दाखवायला घरी येतात, मेल एरवी चांगला लिहिलेला असतो पण शेवटची ओळ बहुतेकांची एकच, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. इथे हिअर नाही, हिअरिंग पाहिजे. का, ते एकदा नीट समजलं की पाठ करायची गरजच उरत नाही.

आधी टूच्या पुढचं क्रियापद काढा आणि तिथे एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू', बसलं ना? आता हेच 'आय वॉन्ट टू'ला लावा. 'आय वॉन्ट टू द इंटरव्ह्यू' असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे इंग्रजीत टू दोन प्रकारचे, एकापुढे साधं क्रियापद येतं, दुसऱ्यापुढे नाम, आणि लुक फॉरवर्डचा टू हा दुसरा. त्याच्यापुढे क्रियापद ठेवायचंच असेल तर आयएनजी लावून त्याचं नाम करावं लागतं. आणि हे आपल्याला नवीन नाहीये हो, आपण मराठीत 'तुमच्या उत्तराची वाट बघतोय' म्हणतो तसंच 'तुम्हाला भेटण्याची वाट बघतोय' म्हणतो, 'भेटायला वाट बघतोय' कधीच नाही. भेटणंचं भेटण्याची झालं तसंच मीटचं मीटिंग. मला स्वतःला हे असं मराठीतून पटलं, व्याकरणाच्या नियमातून नाही.

मग वाक्यात होप आहे का ते बघा, कारण 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' हे बरोबर आहे, तिथे हिअरिंग करू नका. गोंधळ बहुतेक इथूनच होतो.

आता टूच्या जागी फॉर टाकलाय का? 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' चूक, 'टू युवर रिप्लाय' लिहा.

त्यानंतर सूर. ऑफिशियल पत्रात, अनोळखी एचआरला 'आय लुक फॉरवर्ड टू' जास्त शोभतं, ओळखीच्या टीममध्ये 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू' चालतं. आणि या शब्दांत उत्सुकता आहे, आनंद आहे, नुसतं थांबणं नाही. त्यामुळे अडकलेलं डिपॉझिट परत मागताना किंवा तक्रारीच्या मेलमध्ये हे लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे 'आय ॲम अवेटिंग युवर रिप्लाय' लिहा, अवेटिंगच्या पुढे फॉर न लावता.

हा टू सापडायला लागला की त्याची भावंडंही दिसतात. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट' म्हणजे मला उशिरापर्यंत काम करायची सवय आहे, पण ॲम काढून 'आय यूज्ड टू वर्क लेट' म्हटलं की पूर्वी करायचो, आता नाही. हिंजवडीच्या इंटरव्ह्यूत नाइट शिफ्टचं विचारलं तर या दोन उत्तरांत केवढा फरक पडेल बघा.